टीबीनंतरचा दम : धारूर-वडवणीच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीचं पत्र आज हातात आलं. त्यांनी सुचवलेल्या दोन्ही दुरुस्त्या आम्ही केल्या होत्या, त्या मान्य झाल्या. अंगठा देणाऱ्याला संमतिपत्र वाचून दाखवताना साक्षीदार आमच्यातला नसावा, ही पहिली. बुडालेल्या रोजाचे पैसे चाचणीच्या दिवशीच हातात द्यावेत, ही दुसरी. ती तर आम्ही आपण होऊन लिहायला हवी होती.

काम काय आहे ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते. गेल्या दोन वर्षांत टीबीच्या गोळ्या संपवलेली, रजिस्टरात ‘बरा झाला’ किंवा ‘उपचार पूर्ण’ असा शेरा असलेली, बीड जिल्ह्यातल्या धारूर आणि वडवणी तालुक्यांतली माणसं गाठायची आणि त्यांचा दम मोजायचा. ऊसतोडीला जाण्याआधी एकदा, परत आल्यावर एकदा.

‘बरा झाला’ हा शेरा जंतूंविषयी असतो. सुरुवातीला थुंकीत जंतू होते, शेवटी नाहीत, इतकंच तो सांगतो. जंतूंनी पोखरलेल्या फुफ्फुसाचं पुढं काय झालं, हे त्यात येत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या २७,६६० खाणकामगारांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पहिल्या सेकंदात जोरानं बाहेर पडणारी हवा एकदा टीबी होऊन गेलेल्यांत सरासरी १५३ मिलिलिटरनं घटलेली होती, दोनदा झालेल्यांत ३२६ नं, तीन किंवा जास्त वेळा झालेल्यांत ४१० नं. निरोगी माणसाची ही हवा वयानुसार वर्षाला पंचवीस-तीस मिलिलिटर कमी होते. म्हणजे दोनदा टीबी झालेल्या माणसाचं फुफ्फुस दहा वर्षांहून जास्त म्हातारं झालेलं असतं. आणि इथं तो माणूस चाळिशीचा असतो, कोयता त्याच्या हातात असतो.

उपचार संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी रुग्णाला पुन्हा पाहायचं, हे राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत आहेच. त्या भेटीत खोकला-ताप विचारतात, गरज वाटली तर थुंकी तपासतात. माझं मागणं एवढंच आहे की त्या चार भेटींत दमही पाहावा. पण मागायला जायचं तर आपल्याच भागातले आकडे हातात हवेत.

२० ऑगस्ट

दिवसभर प्रश्नावली. एका उपकेंद्राच्या ओट्यावर सहा आशाताई, आमचा तंत्रज्ञ आणि मी. धाप मोजायची शून्य ते चार अशी पाच टप्प्यांची पट्टी जगभर वापरतात. मी तिचं शुद्ध मराठी करून नेलं होतं. अर्ध्या तासात ते मोडीत निघालं.

पहिली अडचण ‘दम लागतो का?’ या प्रश्नातच. लोकांच्या कानावर ‘दमा’ पडतो. दमेकरी म्हणून नाव झालं की ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायला कचरतो, घरात लग्नाची पोरगी असेल तर तिचंही अडतं. त्यामुळं उत्तर ठरलेलं, ‘नाई मॅडम, मला दमाबिमा काई नाई.’ हेच ‘धाप लागते का, छाती भरून येते का’ असं विचारलं की माणूस बोलतो.

दुसरी अडचण मला सुचलीच नव्हती. दुसऱ्या टप्प्याचा प्रश्न असा : सपाट रस्त्यानं बरोबरीच्या माणसांसोबत चालताना तुम्ही मागं पडता का? एक आशाताई म्हणाल्या, ‘मॅडम, बायका मागंच चालतेत की. धाप नसली तरी मागंच.’ इतकी वर्षं मी ओपीडीत हा प्रश्न विचारत आले आणि बायांची उत्तरं लिहून घेत आले. आता बायांना विचारायचं, ‘जावेसोबत नाहीतर शेजारणीसोबत शेतात जाताना मधी थांबावं लागतं का?’

चढणीचा प्रश्न सोपा गेला. बालाघाटाच्या डोंगरातली गावं ही. विहिरीवरून भरला हंडा घेऊन वर यायची वाट प्रत्येकीला ठाऊक आहे. तिसऱ्या टप्प्यातले शंभर मीटर मात्र गावागणिक ठरवावे लागणार. या गावात मारुतीच्या पारापासून पिठाच्या गिरणीपर्यंत. तंत्रज्ञानं फीत लावून मोजलं, ९६ मीटर भरलं. प्रत्येक गावात असंच मोजायचं.

जाता जाता आणखी एक दुरुस्ती. ‘थुंकी द्या’ म्हटलं की डबीत लाळ येते. ‘सकाळी उठल्यावर चूळ भरा, खोल श्वास घ्या, खाकरून छातीतला बेडका काढा’ असं सांगायचं. आशाताई असंच सांगतात. आमच्या छापील कागदावर मात्र अजून ‘थुंकी’च होतं.

३ सप्टेंबर

पोळ्याच्या तोंडावर पाऊस असा कोसळला की दोन दिवस घाट उतरता आला नाही. परभणी, हिंगोली, नांदेडकडं तर पाणी गावांत शिरलं. शिबिर पुढं ढकललं. एका गावातून निरोप आला, महालक्ष्म्या उठल्यावर या.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

महालक्ष्म्यांचं काल विसर्जन झालं, आज पहिलं शिबिर. जिल्हा परिषदेच्या शाळेचं अंगण, लिंबाखाली टेबल, वर स्पायरोमीटर, म्हणजे नळीत फुंकायला लावून दम मोजायचं यंत्र. चाचणी उघड्यावरच घ्यायची हे पक्कं आहे. फुंकताना खोकला येतोच; ऊन-वारा असला की तंत्रज्ञाला आणि रांगेतल्या माणसांना धोका कमी. शिवाय प्रत्येकाचा बेडका आधीच ट्रूनॅटवर, म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या यंत्रावर, तपासून घेतलेला आहे, निगेटिव्ह आल्यावरच बोलावलं. प्रत्येक माणसाला नवा फिल्टर.

नऊ जण आले. या वहीत नावं येणार नाहीत, फक्त क्रमांक.

आधी बायांना शिकवायला घेतलं. छातीभर श्वास घ्या, नळी ओठांत घट्ट धरा आणि सगळा जोर लावून एकदम फुंका. एकीलाही जमेना. सगळ्या हळू, एकसारखं, लांबवर फुंकत होत्या. तिसऱ्या बाईच्या वेळी ध्यानात आलं : ही चुलीपुढची फुंक आहे. जन्मभर फुंकणीनं चूल फुलवली, पऱ्हाट्या-तुराट्या पेटवल्या. तिथं एकदम फुंकलं तर राख डोळ्यांत जाते, म्हणून ओठ आवळून बेतानं फुंकायची सवय. आमच्या यंत्राला नेमकी उलटी फुंक हवी. मग तंत्रज्ञ म्हणाला, ‘मावशी, कंदील विजवायचाय. काचंवरून. येकाच फुंकंत.’ ते जमलं. कंदिलाची पहिली फुंक, मग ‘अजून, अजून, सोडू नका’ असं आम्ही दोघं ओरडत राहायचं, आलेख सपाट होईपर्यंत. तीन चांगल्या फुंका हव्यात आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोन फुंकांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. एकेकाला पाऊण तास लागला.

फुंकणीची फुंक मी लक्षात ठेवणार आहे. ज्यांच्या श्वासनळ्या आकसल्यात त्यांना आम्ही ओठ आवळून हळू श्वास सोडायचा व्यायाम देतो; त्यानं नळ्या थोडा जास्त वेळ उघड्या राहतात आणि आत कोंडलेली हवा निघते. ओपीडीत तो शिकवताना माझी दमछाक होते. या बायांना तो येतोच आहे. नुसतं ‘चुलीला फुंकता तसं’ म्हणायचं.

क्रमांक ७. पुरुष, वय ४१, टीबी दोनदा, पहिला सातेक वर्षांपूर्वी, दुसऱ्याच्या गोळ्या संपून अकरा महिने झाले. वजन ४७ किलो. पहिल्या सेकंदातली हवा १.४६ लिटर, एकूण २.६१. दोन्हींचं गुणोत्तर ०.५६; ते जितकं कमी तितक्या नळ्या आकसलेल्या. नळ्या उघडणाऱ्या सालब्युटामॉलचे चार पफ देऊन वीस मिनिटांनी पुन्हा घेतली तर १.५८. नळ्या आकसलेल्याच आहेत, औषधानं थोड्याच उघडल्या. बिडी कधीच ओढली नाही म्हणतात. बायको सोबत होती, तिनंही तेच सांगितलं. सहा मिनिटांच्या चालीत ४१२ मीटर. ही चाल घ्यायला तीस मीटरची सरळ वाट लागते. शाळेचा व्हरांडा अठराच भरला, म्हणून रस्त्यावर चुन्याच्या दोन खुणा केल्या. त्यांना विचारलं, काम जमतं का? म्हणाले, ‘तोडायला जमतंय. मोळी घिऊन फळीवर चढलं की डोळ्याम्होरं अंधारी येती.’

१८ सप्टेंबर

आजचा दिवस वाया गेला आणि चूक माझी आहे.

स्पायरोमीटर रोज सकाळी तीन लिटरच्या सिरिंजनं तपासायचा असतो. आकडा २.९१ ते ३.०९ च्या आत यायला हवा. काल मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी होती. परवाच्या शिबिराला निघायला उशीर झाला म्हणून ‘तिथं गेल्यावर करू’ असं मी म्हटलं, आणि तिथं रांग पाहून ते राहून गेलं. आज तपासलं तर आकडा २.७८. सेन्सरवर ओल धरली होती. पावसाळी हवा, घाटातले हादरे, पेटीत कोंडलेलं यंत्र. परवाच्या अकरा जणांचे आकडे खरे की कमी दाखवलेले, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

अकराही नोंदी रद्द केल्या. तंत्रज्ञ म्हणाला, सगळ्यांत सारखाच फरक असणार, वाढवून घेऊ. तसं करता येत नाही. ओल केव्हा धरली हेच माहीत नाही. अकरा माणसांना पुन्हा रोज बुडवायला सांगावं लागणार. त्यातल्या एक आजी सहा किलोमीटर चालत आल्या होत्या, त्यांच्याकडं उद्या मीच यंत्र घेऊन जाते.

आजपासून नियम : सिरिंजचा आकडा वहीत लिहिल्याशिवाय पहिला माणूस बसवायचा नाही.

२७ सप्टेंबर

आकड्यांवरून संख्याशास्त्राच्या मॅडमशी दीड तास फोनवर वाद. यंत्र प्रत्येकाचा आकडा ‘अपेक्षित आकड्या’शी ताडून टक्केवारी देतं. तो अपेक्षित आकडा कुठून येतो? २०१२ च्या जागतिक समीकरणांत भारतीय उपखंडातल्या लोकांसाठी वेगळा गटच नाही. आपल्याकडच्या अभ्यासांचे आकडे आपसांत जुळत नव्हते म्हणून ते बाहेर ठेवले गेले. २०२२ मध्ये वंशाचा विचार न करणारं एकच समीकरण आलं. त्यात बसवलं तर धारूरच्या निरोग्या माणसांतलेही काही आजारी दिसतील की काय, अशी मला भीती. मॅडमचं म्हणणं, स्वतःचं समीकरण बनवायला शेकडो निरोगी माणसं लागतात, ती तुमच्याकडं आहेत का? नाहीत.

ठरलं असं की लिटर जसेच्या तसे छापायचे, २०२२ चं समीकरण सोबत द्यायचं, आणि मुख्य तुलना माणसाची त्याच्याशीच करायची : हंगामाआधीचा तो आणि हंगामानंतरचा तो. या प्रश्नाला तेच उत्तर जास्त कामाचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

४ ऑक्टोबर

क्रमांक १२ विषयी सविस्तर लिहायला हवं.

बाई, वय ३६. टीबी एकदा, गोळ्या संपून चौदा महिने. पंधरा दिवसांपूर्वी बेडक्यात रक्ताच्या रेषा दिसल्या. घाबरून तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात गेल्या. छातीचा फोटो काढला, उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, टीबी उलटला, पुन्हा सहा महिने गोळ्या. बाई चिठ्ठी घेऊन रडत आमच्याकडं आल्या. सासरी सांगितलेलं नव्हतं. ‘परत टीबी म्हनलं की मला माहेरी धाडतेन.’

रक्त पडलेलं असताना फुंकायला लावायचं नसतं, त्यामुळं स्पायरोमेट्री बाजूला ठेवली. बेडक्याचे दोन नमुने ट्रूनॅटवर निगेटिव्ह आले. कल्चरही लावलंय, म्हणजे बेडक्यातले जंतू वाढतात का ते पाहायचं, त्याला ४२ दिवसांपर्यंत थांबावं लागेल. आता खरा प्रश्न डागाचा. टीबी बरा होताना फुफ्फुसात वण राहतो, आणि फोटोत तो डाग म्हणूनच दिसतो. एका फोटोवरून डाग नवा की जुना हे कुणालाच सांगता येत नाही. शेजारी जुना फोटो लागतो. मी विचारलं, गोळ्या संपल्यावर काढलेला फोटो आहे का? बाई म्हणाल्या, हाय, ट्रंकंत लुगड्याखाली. भावानं दुसऱ्या दिवशी आणून दिला. कडा वळलेल्या, पण पुसलेल्या काचेसारखा स्पष्ट. खिडकीला दोन्ही फोटो शेजारी लावले. डाग तोच, तेवढाच, त्याच जागी.

सीटीसाठी त्यांना अंबाजोगाईला पाठवलं. त्या जागच्या श्वासनळ्या फुगून सैल झालेल्या आहेत, त्यांत बेडका साचतो आणि नळीच्या भिंतीतून रक्त येतं. जुन्या पोकळीत कधीकधी बुरशीचा गोळा वाढतो आणि त्यानंही रक्त पडतं. तो इथं नाही. गोळ्या सुरू केल्या नाहीत. बेडका मोकळा करायचा व्यायाम शिकवला, रक्त चमचाभराहून जास्त पडलं तर वेळ न घालवता यायचं असं भावाला आणि बाईंना दोघांनाही सांगितलं.

इथं एक गोष्ट सगळ्या सहकाऱ्यांसाठी लिहून ठेवते. उपचार संपताना छातीचा फोटो काढा आणि तो रुग्णाच्या हातात द्या, फिल्म म्हणून. आता बहुतेक ठिकाणी फोटो मोबाइलवर पाठवतात. मोबाइल बदलला की तो गेला. आणि गोळ्या संपून फार दिवस झाले नसतील तर जनुकीय तपासणीच्या ‘पॉझिटिव्ह’चा अर्थही जपून लावावा लागतो, कारण मेलेल्या जंतूंचा डीएनएसुद्धा मशीनला सापडतो. दोन्हीकडून चूक होऊ शकते. खरोखर उलटलेला टीबी सुटला तर माणूस जातो. न उलटलेल्याला सहा महिने गोळ्या दिल्या तर यकृतावर ताण येतो, घरात पुन्हा वेगळं ताट होतं, आणि धाप तशीच राहते, कारण त्या धापेला त्या गोळ्यांचं औषधच नाही.

२१ नोव्हेंबर

काल विधानसभेचं मतदान झालं. आज रात्रीपासून ट्रॅक्टर सुटायला लागले. धारूरच्या घाटात एकामागे एक, वर भांडी, गोधड्या, कोंबड्यांच्या डालग्या, पोरं. काही टोळ्या दिवाळी होताच गेल्या होत्या. सीताफळांचा हंगामही सरला, झाडाखाली माणूस नाही.

पहिली फेरी पुरी झाली, पण चार जणांचं राहिलं. दोघं न सांगता गेले. दोघांनी संमती मागं घेतली. एकाला मुकादमानं विचारलं होतं की दवाखान्याची गाडी तुझ्या दारात का येते. आम्ही गाडीवरचा कागद त्याच दिवशी काढला. तो सुरुवातीलाच नको होता.

क्रमांक ७ गेले. दोघांनी मिळून उचल घेतलीय, नवरा-बायको मिळून एक कोयता. एक माणूस थांबला तर अर्धा कोयता, आणि हिशेब पुढच्या वर्षावर. त्यांना इनहेलर दिला, दोन महिन्यांचा पुरवठा. ‘पंपाची सवय लागती म्हनतेत,’ म्हणाले. मी म्हटलं, बप्पा, चष्म्याची लागते तशी. दिसतं म्हणून माणूस लावतो. औषध घशातच राहू नये म्हणून प्लॅस्टिकच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीला बुडाशी इनहेलरच्या तोंडाएवढं भोक पाडून स्पेसर करून दिला. केप टाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दम्याच्या मुलांवर तपासून दाखवलं होतं की अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच काम करते.

९ डिसेंबर

परवा, ७ तारखेला, देशातल्या ३४७ जिल्ह्यांत टीबीची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली. हातात धरायचं एक्स-रे यंत्र गावोगाव नेणार, हे फार चांगलं आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण नुसत्या फोटोमुळं कळले होते. लक्षणं विचारून ते सापडलेच नसते.

आमच्या तालुक्यांपुरती एक गोष्ट पर्यवेक्षकांच्या कानावर घातली. मोहीम २४ मार्चपर्यंत, आणि आमच्या वाड्या-तांड्यांवरच्या घरांना नेमकी तेवढेच दिवस कुलपं. घरी म्हातारी आणि शाळेतली पोरं. त्यांनी लगेच वही काढली. मी माझ्याकडच्या टोळ्यांची आणि कारखान्याच्या गावांची यादी दिली. तिकडच्या पथकांना ती फोनवर कळवली गेली. मला तेवढं समाधान आहे.

क्रमांक १२ चं कल्चर गेल्या महिन्यात निगेटिव्ह आलं होतं. आज त्यांची स्पायरोमेट्री घेतली. रक्त थांबून आठ आठवडे झालेत. पहिलीच फुंक बरोबर पडली.

११ जानेवारी २०२५, शनिवार

सांगली जिल्ह्यात एका साखर कारखान्याच्या कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर. रात्रभर गाडीत, पहाटे साडेचारला फडात.

धुकं इतकं की दहा पावलांवरचं माणूस दिसेना, नुसता कोयत्याचा आवाज. क्रमांक ७ ना त्यांच्या खोकल्यावरून ओळखलं. ऑक्सिमीटर लावला तर ८२. मी दचकले. पण बोटं थंडगार होती आणि तसल्या बोटावर यंत्राला नाडी नीट सापडत नाही. हात चोळून, कोपीतल्या चुलीवर शेकून पुन्हा लावला : ९५. मग साडेनऊला भराईच्या वेळी पुन्हा. तीस-पस्तीस किलोची मोळी डोक्यावर, फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, खाली, पुन्हा मोळी. पाच खेपा झाल्यावर बोट पुढं केलं : ८६. बसल्यावर ९३ वर यायला चार मिनिटं लागली. शाळेसमोरच्या रस्त्यावर सहा मिनिटांच्या चालीत ९१ च्या खाली गेले नव्हते. म्हणजे आमची चाल त्यांच्या कामाच्या जवळपासही जात नाही. हे मला ओपीडीत बसून कधी कळलं नसतं.

मुकादमाशी बोलले. माणूस समजूतदार निघाला. त्याचीही उचल कारखान्याकडून आलेली, त्याच्याही गळ्याशी हिशेब. ठरलं की बप्पांनी तोडायचं, उसाच्या वाढ्यांनी, म्हणजे शेंड्याच्या पानांनी, मोळ्या बांधायच्या, फळीवर चढायचं नाही, आणि त्याचा खाडा धरायचा नाही. मी बरं वाटून वहीत लिहीत होते. तेवढ्यात पाहिलं तर त्यांच्या मोळ्या बायको उचलत होती, तिच्या स्वतःच्याही आणि त्याच्याही.

तिला बाजूला बसवलं. ती पहाटे तीनला उठते. कोपीत चूल, वर पाचटाचं छप्पर, धूर जायला दारच. ‘खोकला किती दिवसाचा?’ ‘धुराचा हाय.’ ‘किती दिवसाचा?’ ‘दिवाळीपसून.’ दोन आठवड्यांवरचा खोकला, घरात दोनदा टीबी. तिचा बेडका जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दिला.

परतताना गाडीत झारखंडच्या अभ्यासाचा विचार डोक्यातून जाईना. रुग्णाच्या घरातल्या माणसांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, तर त्यांच्यातला टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. २०२३ मध्ये तो छापून आला. रुग्णाला गोळ्या चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला पाचशे मिळत, ते नोव्हेंबरपासून हजार झाले, हे खरंच मोलाचं झालं. पण या बाईला टीबी नाही म्हणून तिचा हिशेब कुठल्याच रकान्यात नाही. आमच्यासुद्धा.

१३ जानेवारी

बेडका निगेटिव्ह. फोनवर सांगितलं. पलीकडून, ‘म्या म्हनलंच व्हतं, धुराचा हाय.’

२४ मार्च, सोमवार

रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये टीबीचा जंतू दाखवला, तो हा दिवस. जिल्ह्याच्या बैठकीत मला दहा मिनिटं मिळाली. भाषण केलं नाही. एक कागद दिला : उपचारानंतरच्या चार भेटींच्या नोंदीत तीन रकाने वाढवावेत. धाप कोणत्या टप्प्याची, बोटावरचा ऑक्सिजन बसून आणि एक मिनिट उठबस केल्यावर, आणि वजन. स्पायरोमीटर प्रत्येक केंद्रात देता येणार नाही हे मलाही कळतं. पण ऑक्सिमीटर कोविडपासून सगळीकडं आहेत. या तिन्हींत काही अडलं तरच स्पायरोमेट्रीला पाठवायचं. आणि एक तारखेची दुरुस्ती : ऊसतोड कामगाराची भेट सहा महिन्यांचा हिशेब न धरता दसऱ्याआधी घ्यायची.

विचारलं गेलं, सापडल्यावर द्यायचं काय? रास्त प्रश्न आहे. मी म्हटलं, इनहेलर, श्वासाचा व्यायाम, चूल बदलायला मदत, आणि ‘टीबी उलटला’ म्हणून चुकीच्या गोळ्या टळणं. शेवटचं एकटंच पुरेसं आहे. क्रमांक १२ चे दोन फोटो पडद्यावर शेजारी शेजारी दाखवले, नाव झाकून. दोन तालुक्यांत सहा महिने करून पाहायला तोंडी होकार मिळाला. लेखी यायचा आहे.

३ एप्रिल, गुरुवार

पाडवा झाला, टोळ्या परतल्या. दुसरी फेरी कालपासून. सकाळचा सिरिंजचा आकडा ३.०१.

क्रमांक ७ आले. वजन ४४. पहिल्या सेकंदातली हवा औषधानंतर १.४९, सप्टेंबरपेक्षा ९० मिलिलिटर कमी. एवढा फरक मोजण्याच्या चढउतारातही पडू शकतो, एका माणसावरून मी काही म्हणणार नाही. चाल मात्र ३६६ मीटर, म्हणजे ४६ नं घटली. तीसच्या पुढचा फरक आम्ही खरा धरतो. इनहेलर जानेवारीअखेर संपला होता, पुढचा तिकडं मिळाला नाही. बाटली जपून परत आणलीय.

बायको सोबत होती. ओट्यावर बसून यंत्राकडं पाहत होती. मग म्हणाली, ‘मॅडम, मपलाबी दम बगा की. जरा चढलं की छाती भरती.’ तिला टीबी झालेला नाही, त्यामुळं प्रकल्पात ती बसत नाही. तिची चाचणी दवाखान्याच्या कागदावर घेतली, या वहीत नाही. पहिल्या दोन फुंका चुलीच्या. तिसरी कंदिलाची. गुणोत्तर ०.६६, औषधानंतरही ०.६८. वय ३८.

तिला इनहेलर दिला, बाटलीचा स्पेसर कसा करायचा ते तिच्या नवऱ्यानंच दाखवलं. सिलिंडर घरी आहे, भरून आणणं परवडत नाही.

नीतिसमितीकडं उद्या दुरुस्तीचा अर्ज : रुग्णासोबत त्याच कोपीत राहिलेल्या प्रौढ माणसांना दुसऱ्या गटात घेण्याची परवानगी. संमतिपत्राचा मसुदा आज रात्री. फिल्टर तीसच उरलेत, लातूरहून मागवायचे.